देव, अंतराळवीर आणि पाथरवट

एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाचे पहिले पुस्तक १९६८ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. फार पूर्वी परग्रहावरील प्रगत जीव पृथ्वीवर उतरले, भोळ्या मानवाने त्यांनाच देव मानले आणि त्यांच्या खुणा पुराणकथांत व भव्य वास्तूंत राहून गेल्या, असा त्याचा थोडक्यात सिद्धान्त. या विषयावरची पुस्तके मराठीतही निघाली. शाळकरी वयात ती मी मोठ्या गोडीने वाचली. पेरू, मेक्सिको ही नावे कानांवर पडली ती त्यांच्यामुळेच. आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यांतील काही उदाहरणे पुन्हा तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले उदाहरण मेक्सिकोतील पालेंक येथील. तेथील एका मंदिराच्या पोटात १९५२ साली आल्बेर्तो रूझ या पुरातत्त्वज्ञाला एक राजसमाधी सापडली. शवपेटीच्या दगडी झाकणावर मागे रेललेला पुरुष कोरलेला आहे. डॅनिकेनला तो अग्निबाण चालवणारा वैमानिक दिसला. पण चित्र उभे धरले की वैमानिकाचे 'यंत्र' म्हणजे एक वृक्ष ठरतो. त्याच्या शेंड्यावर पक्षी बसला आहे आणि खाली पाताळाचा जबडा उघडला आहे. हाच विश्ववृक्ष पालेंकच्या इतर शिल्पांतही आढळतो. पुढे माया लिपी उलगडली आणि पेटीवरचा मजकूर वाचता आला. हा पुरुष म्हणजे राजा पाकाल, जन्म इ. स. ६०३, मृत्यू ६८३. ज्याच्या जन्ममृत्यूची साले ठाऊक आहेत, पूर्वजांची नावे ठाऊक आहेत, त्याला परग्रहवासी कसे म्हणावे?

दुसरे उदाहरण पेरूतील नाझ्काच्या रेषांचे. मैदानावरील ही प्रचंड चित्रे आकाशातूनच नीट दिसतात, म्हणून ती आकाशातील कोणासाठी, किंवा कोणाच्या मदतीने काढली असावीत, असा तर्क. १९८२ साली जो निकेल या अमेरिकन संशोधकाने मोजक्या सहकाऱ्यांसह खुंट्या आणि दोरी एवढ्याच साधनांनी तेथील सुमारे ४४० फूट लांबीचा गिधाडपक्षी एका शेतात तंतोतंत उतरवून दाखवला. विमान लागले ते फक्त छायाचित्र घेण्यापुरते.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे. वेरूळचे कैलास लेणे मानवी हातांचे नव्हेच, असे अलीकडे वारंवार ऐकू येते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत हे मंदिर सिद्ध झाले. पुरातत्त्ववेत्ते म. के. ढवळीकर यांनी याचे साधे गणित मांडले. एका माणसाने दिवसाला सुमारे ४ घनफूट खडक फोडला, तर २५० माणसांना हे काम साडेपाच वर्षांत करता येते. काम अवाढव्य खरे, परंतु अशक्य नव्हे.

याहून बोलका पुरावा नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदे ताम्रपटात आहे. विमानातून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क होतात, आणि खुद्द ज्याने ते घडवले तो शिल्पीही 'आपल्या हातून हे झाले तरी कसे' म्हणून चकित होतो, असे वर्णन त्यात आहे. म्हणजे विमाने येथेही आहेत. पण त्यांतून येणारे देव प्रेक्षक आहेत, कर्ते नव्हेत. त्या काळच्या कवीला श्रेय कोणाचे हे पक्के ठाऊक होते.

याच नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परग्रहवासी नकोत, पण आमच्या पूर्वजांकडे विमाने होतीच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा मुख्य आधार 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्याची परीक्षा केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील याने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ साली मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच!

या सर्व प्रतिपादनांतील तर्काची चूक एकच आहे. 'हे कसे केले ते मला कळत नाही' यावरून 'माणसाला ते जमलेच नसणार' असे अनुमान काढले जाते. शिवाय पिरॅमिड, नाझ्का, पालेंक, वेरूळ यांविषयी जी शंका घेतली जाते, ती युरोपातील उत्तुंग चर्चवास्तूंविषयी सहसा कोणी घेत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

संशय म्हणजे दार बंद करणे नव्हे. कार्ल सेगन आणि रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात परग्रहवासी पूर्वी येऊन गेले असण्याची शक्यता मोकळ्या मनाने विचारात घेतली होती. मात्र त्यासाठी सेगन यांची पुराव्याची अपेक्षा कडक होती. तसा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. तो येईपर्यंत वेरूळच्या खडकावर दिसणारे छिन्नीचे घाव ज्यांचे आहेत, त्या अनाम पाथरवटांचे श्रेय त्यांच्याच पदरी राहू देणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे किमान कर्तव्य आहे असे मला वाटते.