गाडीचा ब्लोअर बंद पडल्यास दोष कसा शोधावा?

जुलै महिन्यात जुन्नर भागातून टोमॅटो घेऊन रात्री माळशेज घाटाने वाशीच्या बाजाराकडे निघणाऱ्या शेतकऱ्यांना एक अनुभव चांगला ठाऊक आहे. बाहेर पाऊस आणि धुके, केबिनमध्ये ओल्या कपड्यांनी बसलेली तीन माणसे आणि वर केलेल्या खिडक्या. थोड्याच वेळात पुढची काच आतून धुरकट होते. वायपर बाहेरचे पाणी काढतो, आतली वाफ तशीच राहते. फडक्याने पुसली तरी ती पुन्हा धरते. एका हातात स्टीअरिंग आणि दुसऱ्या हातात फडके घेऊन घाट उतरणे किती धोक्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

काचेवरील ही वाफ काढण्याचे काम ब्लोअरचे आहे. इंजिनमधील गरम पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरते, ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि ती कोरडी, उबदार हवा काचेवर जाते. काही मालवाहू गाड्यांत हीटर नसतो, नुसता ब्लोअर असतो. तरीही बाहेरची ताजी हवा काचेवर फिरल्याने बराच उपयोग होतो. ए.सी. असलेल्या गाडीतही हाच ब्लोअर हवा ढकलतो. परंतु उन्हाळ्यात खिडकी उघडून भागते म्हणून अनेक गाड्यांत ब्लोअर बंद पडला तरी त्याकडे कोणी पाहत नाही. त्याची आठवण होते ती पहिल्या पावसात, तीही घाटात.

ब्लोअर चालत नाही म्हटले की मोटर बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. विहिरीवरील पंप सुरू झाला नाही तर आपण लगेच मोटर वर काढतो काय? आधी वीज आहे का ते पाहतो, मग फ्यूज, स्टार्टर, केबल असे क्रमाने तपासत जातो. गाडीतही तोच क्रम ठेवावा. फरक इतकाच की येथे वीजदाब १२ व्होल्टचा आहे आणि परतीची तार म्हणून गाडीच्या लोखंडी बॉडीचा उपयोग केलेला असतो.

विजेचा मार्ग

बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, बहुतेक गाड्यांत रिलेमधून आणि पुढे वेग बदलण्याच्या स्विच व रेझिस्टरमार्गे मोटरला मिळते. मोटरमधून ती अर्थच्या तारेने बॉडीला आणि बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाला परत जाते. काही गाड्यांत स्विच व रेझिस्टर मोटरच्या नंतर, म्हणजे अर्थच्या बाजूला असतात. हे लक्षात ठेवावे, कारण त्यामुळे तपासणीत पुष्कळदा फसगत होते. ब्लोअर पूर्ण वेगाला साधारण १० ते २० अँपिअर प्रवाह घेतो. हेडलाइटचा एक बल्ब पाचेक अँपिअर घेतो, यावरून हा भार किती मोठा आहे याची कल्पना येईल. सैल किंवा गंजलेला जोड अशा भाराखाली तापतो, काळा पडतो आणि शेवटी बंद होतो.

रेझिस्टर म्हणजे तारेची दोन-तीन वेटोळी. कमी वेगाला वीज या वेटोळ्यांतून जाते व मोटरला कमी वीजदाब मिळतो. सर्वात मोठ्या वेगाला मात्र ती वेटोळी वगळून थेट जाते. वेटोळी तापतात, म्हणून रेझिस्टर मुद्दाम हवेच्या मार्गात बसविलेला असतो.

लक्षणावरून अंदाज

एवढी रचना समजली की हात काळे करण्यापूर्वीच निम्मे निदान होते. चावी चालू स्थितीत ठेवून, इंजिन न लावता, स्विच एकेका वेगावर फिरवावा व पंख्याचा आवाज ऐकावा. फक्त मोठ्या वेगाला ब्लोअर चालत असेल आणि खालचे वेग मिळत नसतील, तर मोटर, फ्यूज व अर्थ ठीक आहेत. दोष रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्या कपलरमध्ये आहे. उलट, खालचे वेग मिळतात पण मोठा वेग मिळत नाही, असे असेल तर स्विचचा शेवटचा संपर्क, त्याची तार किंवा मोठ्या वेगाचा निराळा रिले तपासावा. मधलाच एखादा वेग जात असेल तर स्विच किंवा रेझिस्टरचे एखादे वेटोळे तुटलेले असते. कोणत्याच वेगाला आवाज नसेल तरच पूर्ण मार्ग तपासावा लागतो.

मोटर बंद असताना तिच्या आवरणावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहावे. ठोकल्यावर ती फिरू लागली तर आतील कार्बन झिजलेले आहेत असे समजावे. ती त्या दिवसापुरती चालेल, पण तिच्या भरवशावर घाटात जाऊ नये.

तपासणीचे साधन

यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन मीटर लांबीच्या दोन तारा जोडाव्यात. एका तारेला चिमटा व दुसरीला जाड सुई लावली की टेस्ट लॅम्प तयार झाला. वापरण्यापूर्वी तो बॅटरीवर लावून पेटतो याची खात्री करावी.

मल्टीमीटर असेल तर उत्तमच, परंतु नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नये. तारेचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मोटर जोडलेली नसताना मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवितो. बल्ब मात्र दोनेक अँपिअर ओढतो, त्यामुळे कुजलेल्या तारेवर किंवा गंजलेल्या जोडावर तो मंद पेटतो. विहिरीत पाणी दिसणे आणि पंपाने दोन तास उपसा होणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

एक इशारा. एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डखाली पिवळ्या वेष्टनातील तारा व पिवळे कपलर दिसतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावू नये, ते ओढू नयेत किंवा सोडवू नयेत. तसेच ज्या गाडीत तापमान आपोआप राखले जाते, तेथे रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. पुढील पद्धत साध्या, गोल स्विचच्या गाड्यांसाठी आहे.

क्रमाने तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. प्रथम फ्यूज काढून पाहावा. पात्याच्या फ्यूजमध्ये रंगावरून क्षमता कळते : निळा १५, पिवळा २०, पांढरा २५ आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूजही आतून तुटलेला असू शकतो. म्हणून चिमटा बॉडीला लावून, चावी व ब्लोअर चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांना सुई टेकवावी. दोन्ही टोकांवर बल्ब पेटला तर फ्यूज ठीक आहे; एकाच टोकावर पेटला तर तो गेलेला आहे. रिलेसाठी फ्यूजच्या पेटीतील त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तात्पुरता बसवून पाहणे हा सर्वात सोपा उपाय आहे.

यानंतर थेट मोटरकडे जावे. आपल्याकडील गाड्यांत ती बहुधा डॅशबोर्डखाली डाव्या बाजूस, सामान ठेवण्याच्या कप्प्यामागे असते. कपलर न सोडता, स्विच मोठ्या वेगावर ठेवून मोटरच्या दोन्ही तारा टेस्ट लॅम्पने तपासाव्यात. एका तारेवर बल्ब प्रखर पेटला, दुसरीवर अजिबात पेटला नाही आणि तरीही मोटर फिरत नसेल, तर मोटरला वीज आणि अर्थ दोन्ही मिळत आहेत व दोष मोटरमध्येच आहे. दोन्ही तारांवर पेटला तर वीज मोटरमधून पलीकडे पोहोचली आहे, पण तिला परतीची वाट नाही. दोष अर्थच्या तारेत किंवा अर्थच्या बाजूच्या स्विच-रेझिस्टरमध्ये असतो. एकाही तारेवर पेटला नाही तर वीज मोटरपर्यंत आलेली नाही. तेथून मागे स्विचकडे तपासत यावे.

मोटर फिरते पण हवा मंद येते, अशी तक्रार असेल तेव्हा मल्टीमीटर खरा कामी येतो. स्विच मोठ्या वेगावर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला व दुसरे मोटरच्या धन तारेला लावावे. जो आकडा दिसेल तेवढा वीजदाब वाटेत वाया जात आहे. तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास असल्यास चालेल. असेच मोटरच्या ऋण तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजावे.

आमच्या पाहण्यात आलेल्या एका पिकअपला दोनदा नवी मोटर बसविली होती आणि दोन्ही वेळा महिनाभरात हवा पुन्हा मंद झाली. मोजले तेव्हा वाटेत साडेतीन व्होल्ट जात होते. स्विचमागचा कपलर उघडला तर एक पिन काळी पडून प्लॅस्टिक वितळलेले. पंधरा अँपिअरला साडेतीन व्होल्ट म्हणजे पन्नास वॅटहून अधिक उष्णता त्या बोटभर कपलरमध्ये, तीही डॅशबोर्डच्या आत, निर्माण होत होती. गाडीने पेट घेतला नाही हे मालकाचे दैव. कपलर व त्याची पिन बदलताच ब्लोअर पूर्ववत चालू लागला. काढून टाकलेल्या दोन मोटरींपैकी जपून ठेवलेली एक बॅटरीवर लावून पाहिली, तीही उत्तम फिरत होती.

फ्यूज वारंवार जात असल्यास

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालण्याची सवय अजूनही दिसते. पंपाच्या फ्यूजमध्ये जाड तार घालून मोटर जाळलेल्या शेतकऱ्यास याचा परिणाम सांगावा लागणार नाही. येथे तर तार प्लॅस्टिकमधून आणि सीटच्या पुढून जाते.

फ्यूज लावताच जात असेल तर मोटरचा कपलर सोडवावा आणि फ्यूजच्या जागी दोन तारांनी हेडलाइटचा बल्ब जोडून ब्लोअर चालू करावा. बल्ब प्रखर पेटला तर मोटर नसतानाही वीज बॉडीत उतरत आहे, म्हणजे तार कोठेतरी सोलली आहे. बल्ब पेटला नाही तर मोटरपर्यंतची तार ठीक असून दोष मोटरमध्ये आहे. मोटर जोडलेली ठेवून ही तपासणी करू नये. चांगल्या मोटरवरही बल्ब पेटतो व निष्कर्ष चुकतो.

फ्यूज पाच-दहा मिनिटांनी जात असेल तर मोटर जड फिरत आहे. अशी मोटर रेझिस्टरही जाळते. रेझिस्टरवर उष्णतेने तुटणारा छोटा फ्यूज असतो. पंखा अडला की हवा थांबते, वेटोळी लाल होतात आणि तो तुटतो. तेथे तार जोडून काम भागवू नये. नवा रेझिस्टर थोड्याच दिवसांत गेला तर तिसरा आणण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे.

मोटर काढण्याची वेळ आली तर

बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे. मोटर बहुधा तीन स्क्रूंवर असते. शेतावर वापरल्या जाणाऱ्या गाडीच्या पंख्यात काय सापडेल याचा नेम नाही : भुसा, कडब्याचे तूस, चिंचेचा पाला आणि कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदराचे घरटे. उंदराने तारा कुरतडल्या आहेत काय, हेही त्याच वेळी पाहावे. पंख्याची पाती ब्रशने साफ करावीत. पाण्याचा फवारा मारू नये. पात्यांवर बसविलेली छोटी चिमटी काढू नये, ती पंख्याचा तोल राखण्यासाठी असते.

मोटर साध्या दोन तारांची असेल तर २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, जाड तारांनी ती बॅटरीवर क्षणभर चालवून पाहावी. धन-ऋण तारांची अदलाबदल झाल्यास मोटर उलटी फिरते; आवाज येतो पण हवा फारच कमी येते. तारा तोडून जोडलेल्या गाडीत हा दोष हमखास तपासावा. कार्बन झिजले असल्यास आणि त्याच मापाचे मिळत असल्यास वाहनांचे विद्युतकाम करणारा कारागीर ते बसवून देतो. बुश सैल होऊन पंखा आवरणाला घासत असेल तर मात्र मोटर बदलणेच बरे.

मोटरमध्ये पाणी किंवा गंज दिसल्यास बॉनेट उघडून काचेखालील जाळी पाहावी. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तेथे पाला साचून पाण्याची वाट बुजते आणि पावसाचे पाणी सरळ ब्लोअरमध्ये उतरते. ही जाळी रोहिणी नक्षत्रातच साफ करून घ्यावी. त्याच दिवशी हवेचा खटका काचेच्या दिशेने व बाहेरची हवा घेण्याच्या बाजूस सरकतो की नाही, तेही पाहावे. खटका आतल्या हवेवर अडकलेला असेल तर ओल्या कपड्यांची तीच वाफ केबिनमध्ये फिरत राहते आणि चांगला ब्लोअर असूनही काच साफ होत नाही.