जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल, तर नवा घ्यायला धावू नका. आधी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली चालवून पाहा. किमान रॅम २ जीबी सांगतात, पण ४ जीबी असेल तरच या फंदात पडा. मशीन अशक्त असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

मिंट फुकट आहे. परवाना नाही, वर्गणी नाही. तरी एका दुकानाच्या बिलावर ‘लिनक्स ओएस : १,५०० रुपये’ अशी ओळ मी पाहिली आहे. असली ओळ खोडायला लावा. दुकानदाराला मेहनतीचे पैसे जरूर द्या, साधारण ४०० ते ८०० रुपये, पण बिलावर ‘मजुरी’ असंच लिहून घ्या. ‘ड्रायव्हर पॅक’चे वेगळे पैसे देऊ नका, लागलाच तर ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून फुकट मिळतो.

खरा खर्च एसएसडीचा. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदला, फरक लगेच कळेल.  एसएसडीचे दर सारखे हलतात, म्हणून निघण्याआधी त्याच दिवशीचा ऑनलाइन भाव बघा. काढलेली डिस्क दुकानात सोडू नका. तुमचे फोटो, पॅन-आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रं तिच्यातच आहेत. तीन-चारशे रुपयांचं यूएसबी केसिंग घ्या, डिस्क त्यात बसवा. आयता बॅकअप झाला.

जुन्याच डिस्कवर मिंट टाकणार असाल तर बॅकअप आधी घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. ती हरवली तर डेटा गेलाच.

घरी करायचं? ८ जीबीचा पेनड्राइव्ह, सुमारे ३ जीबीचं डाउनलोड आणि रुफस हे फुकट सॉफ्टवेअर. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, हे लक्षात ठेवा. मग लॅपटॉप सुरू होताना पेनड्राइव्ह निवडण्यासाठी डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालतं, तेव्हा वायफाय, आवाज आणि कॅमेरा तिथेच तपासा. पुढे ‘इरेज डिस्क’ असा पर्याय दिसेल. तो सगळं पुसतो, विंडोजसकट. विंडोज ठेवायचं असेल तर ‘अलाँगसाइड’ निवडा. एसएसडीवर अर्धा तास, अपडेटला आणखी तेवढाच.

टॅली, डिजिटल सहीचं टोकन किंवा श्रीलिपीवर तुमचं पोट असेल, तर विंडोज काढू नका.

रूप बदलायचं, मराठी कीबोर्ड जोडायचा, बॅटरीसाठी टीएलपी टाकायचं, सगळं फुकट. पण त्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर दहा मिनिटांत मागे जाता येतं. ‘सुडो’ने सुरू होणारी कमांड अर्थ न कळता चिकटवू नका.

दुकानातून लॅपटॉप परत घेताना पैसे देण्याआधी झाकण बंद करा, दोन मिनिटं थांबा, उघडा. स्क्रीन आली, वायफाय पुन्हा जोडलं गेलं, पासवर्ड तुम्ही स्वतः बदललात, मगच पाकीट काढा.