हळदीसाठी वेसावकरांची गाणी कशी निवडू?

प्रश्न : भावाच्या हळदीला फक्त ‘वेसावकर आणि मंडळी’ची गाणी लावायची आहेत. त्यांच्या कॅसेटी इतक्या की निवडच होत नाही. मिक्स कसं करू?
– एक वाचक, धरमतर

उत्तर : आधी मर्यादा घाला. जुन्या 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची असे. तेवढ्यात सहा-सात गाणी बसतात. ही शिस्त आजही पाळावी, कारण यादी लांबली की नावडतीही आत शिरतात.

‘वेसावची पारू’ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते पहिलं लावू नका. मंडप भरला, पोरं नाचायला उठली की मगच लावा. सुरुवात सावकाश ठेक्याच्या गाण्याने करा. शाहीर काशीराम चिंचय यांच्या या मंडळींचं खरं बळ कोरसात आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एकट्या आवाजाच्या दोन गाण्यांनंतर कोरसाचं एक हवंच. नारळी पुनवेची गाणी हळदीतही शोभतात. धरमतरच्या खाडीकाठी तर ती आपलीच वाटतात.

डीजेंनी केलेली नॉनस्टॉप रूपं टाळा. त्यांत ठेका उरतो, कडवी कापली जातात. निरनिराळ्या कॅसेटींवरून घेतलेल्या गाण्यांचा आवाज कमी-जास्त असतो, तो आदल्या दिवशी मंडपातल्या स्पीकरवरच सारखा करून घ्या.

आणि धवलारीण धवले गायला बसली की मिक्स पूर्ण बंद ठेवा.