जुन्या मोबाइलला नवी प्रणाली : दुरुस्ती कारागिरांसाठी एक धडा

जालना हे भंगारातून नवी सळई काढणारे शहर आहे. जुने लोखंड भट्टीत जाते आणि नवा माल होऊन बाजारात येतो. मोबाइल दुरुस्तीतही असेच एक काम आहे. ते म्हणजे जुन्या फोनवर कंपनीची प्रणाली काढून दुसरी प्रणाली बसवणे. कारागीर यालाच कस्टम रॉम म्हणतात. काम चांगले आहे. पण फोन गिऱ्हाइकाची अमानत असतो, म्हणून त्याची रीत आधी समजून घ्यावी.

गिऱ्हाईक म्हणते, "फोन धडधाकट आहे, पण ॲप चालत नाही." कारण असे की कंपनी काही वर्षेच अपडेट देते, नंतर थांबते. अँड्रॉइडचा मूळ आराखडा मात्र गूगलने सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यावरून स्वयंसेवक जुन्या फोनांसाठी नव्या आवृत्त्या तयार करतात. २००९ साली सुरू झालेले सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडले आणि त्याच कामातून लिनेजओएस उभे राहिले. ते फुकट मिळते. कारागिराने मजुरी घ्यायची ती आपल्या कसबाची.

पहिली गोष्ट, फोनची नेमकी ओळख. डब्यावरचे नाव पुरेसे नाही. रेडमी नोट ४ या एकाच नावाने दोन वेगळ्या चिपांचे फोन निघाले. भारतात जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या फोनचे अंतर्गत नाव 'मिडो', तर चीनमधील दुसऱ्याचे 'निकेल'. एकाची फाइल दुसऱ्याला घातली तर फोन डेड होऊ शकतो. तसेच काही फोन जुन्या आवृत्तीवर परत नेले तरी डेड होतात. रेडमी नोट ५ प्रोच्या बाबतीत २०१८ साली हा अनुभव अनेकांना आला.

दुसरी गोष्ट, माहिती. बूटलोडर उघडताच फोनमधील सर्व काही पुसले जाते. समजा मंठ्याचा एखादा मोसंबीचा व्यापारी फोन घेऊन आला आणि त्याची उधारी फोनमध्येच लिहिलेली आहे. ती गेली तर त्याचे पैसे गेले. म्हणून नंबर, फोटो, हिशोब आधी बाहेर काढावेत, ते उघडून पाहावेत आणि मगच हात घालावा. काही कंपन्या बूटलोडर उघडूच देत नाहीत. काही आधी खाते जोडून थोडे दिवस थांबायला लावतात. सॅमसंगच्या अनेक फोनांत नॉक्सची खूण एकदा बदलली की ती परत येत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष काम. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली आणि केबल खात्रीची असावी. फाइल मूळ ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिची खूणसंख्या जुळवून पाहावी. आधी रिकव्हरी, मग जुने पुसणे, मग नवी प्रणाली, असा क्रम ठेवावा. लिनेजओएसमध्ये गूगलची ॲप नसतात. ती हवी असतील तर पहिल्यांदा चालू करण्याआधीच बसवावीत.

चौथी गोष्ट, पैशाची. बँकेची व यूपीआयची अनेक ॲप फोनची तपासणी करतात. बूटलोडर उघडा दिसला की त्यांपैकी काही चालत नाहीत. दुकानातील क्यूआरवर आलेले पैसे खात्यात जमा होतच राहतात. पण ते फोनवर पाहता आले नाहीत तर दुकानदार अडतो. ज्याचा धंदा त्याच एका फोनवर आहे, त्याला आम्ही हे काम करू नका असेच सांगू. घरातला दुसरा फोन, मुलांच्या अभ्यासाचा फोन, यांसाठी ते उत्तम.

शेवटची गोष्ट सर्वांत जड. *#०६# दाबून आयएमईआयचे पंधरा अंक कामाआधी लिहून ठेवावेत आणि नंतर जुळवावेत. फोन चोरीचा नाही ना, हे 'संचार साथी'वर पाहता येते. आयएमईआय बदलून द्या म्हणणारे गिऱ्हाईक परत पाठवावे. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी दुकानाला कुलूप लागू नये.

काम हातात घेताना काय जाईल, काय चालणार नाही, हे चिठ्ठीवर लिहून सही घ्यावी. फोन परत देताना कॉल, सिम, कॅमेरा आणि पैशाचे ॲप गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावे. खरे आधी सांगणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि धंदा त्यावरच चालतो.