प्रश्नोत्तरे : वाणगावच्या वाडीत गळ आणि सायकल

प्रश्न : वाणगाव स्टेशनपासून जवळच आमची चिकूची वाडी आहे. मे महिन्यात मुंबईची भाचरं आणि गावातली मुलं मिळून आठवडाभराचं शिबिर घ्यावं असा विचार आहे. माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत अशा शिबिरात ‘फ्लाय फिशिंग’ आणि ‘माउंटन बायकिंग’ शिकला आणि अगदी बदलून गेला. हे आपल्याकडे शिकवता येईल का? त्यासाठी ट्राउट मासे आणि महागडी सायकल लागते म्हणतात.

उत्तर : शिकवता येईल. ट्राउटचा विचार मात्र सोडून द्या. तो थंड, खळाळत्या पाण्याचा मासा. इंग्रजांच्या काळात तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीत आणून सोडला गेला आणि तिथल्या थंडीत टिकला. आपल्या सूर्या नदीच्या कोमट पाण्यात तो जगणार नाही. पण फ्लाय फिशिंग ही ट्राउटची मक्तेदारी नाही. पाण्यावर पडणारे किडे खाणारा कोणताही मासा या पद्धतीने लागू शकतो, आणि असे छोटे मासे आपल्या ओढ्या-तळ्यांत भरपूर आहेत.

साध्या गळाला गांडूळ आणि शिशाचा तुकडा असतो. तो भिरकावला की वजनाबरोबर दोरी जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसं आणि दोरा बांधून केलेली नकली माशी, तिला वजनच नसतं. वजन असतं दोरीला. ती आधी हवेत मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे टाकायची, म्हणजे माशी पाण्यावर अलगद उतरते. सगळं कसब या फेकण्यात आहे. दुसरं कसब पाहण्याचं : या पाण्यात आज कोणते किडे आहेत आणि मासा काय खातोय, हे ओळखण्याचं. मुलांच्या दृष्टीने मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

परदेशी रीळ, नळकांड्यातून येणारे रॉड यांच्या मागे लागू नका. जपानच्या डोंगराळ भागातले मासेमार पिढ्यान्‌पिढ्या ‘टेंकारा’ नावाची पद्धत वापरत आले आहेत. तिच्यात रीळ नसतं. लांब लवचिक काठी, साधारण काठीएवढी दोरी आणि टोकाला एक माशी, एवढंच सामान. वाणगावात हीच पद्धत घ्या. आठ-दहा फुटांचा सरळ, बारीक, शेंड्याला लवणारा बांबू पाड्यावरच मिळेल. तो निवडून द्यायला तिथल्याच एखाद्या जाणत्याला सांगा.

पहिले दोन दिवस पाण्याकडे फिरकूच नका. वाडीतल्या मोकळ्या जागेत दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा, काठी आणि दोरी मिळून पोचेल एवढ्या अंतरावर सूप ठेवा आणि लोकर सुपात पडेपर्यंत मुलांना फेकू द्या. मुलं सगळा जोर दंडातून लावतात आणि दोरी पायाशी गोळा होते. काठीच्या टोकाला लावलेला चिखलाचा गोळा भिरकावताना हात जसा एकदम थांबवतो, तसा इथे थांबवायचा. मागे दोरी उलगडायला क्षणभर द्यायचा, मगच पुढे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे तासाभरात जमू लागतं. मोठ्यांना वेळ लागतो, कारण ते जोर सोडत नाहीत.

दुपारी, उन्हात बाहेर पडता येत नाही तेव्हा, माश्या बांधायला बसवा. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या इलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे की, ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधत. अठराशे वर्षांत यात फारसा बदल झालेला नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आजही यासाठी उत्तम मानतात, आणि ती तुमच्या शेजारच्या अंगणात पडलेली सापडतील. मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांना विलायतेतल्या गळकऱ्यांकडून एके काळी मोठी मागणी होती. आज वन्यजीव संरक्षण कायद्याने (1972) या पक्ष्याला संरक्षण आहे. तेव्हा रानातलं पीस नको, अंगणातलंच घ्या.

गळ लहानात लहान घ्या आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मासा लवकर सुटतो, आणि मुलाच्या बोटात गळ रुतला तरी तोही सहज निघतो. गळ बांधलेली काठी हातात असेल तेव्हा डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर साधा चष्मा हवाच. यात कोणाला सूट नाही.

आता शिकवणार कोण? मुंबईहून प्रशिक्षक आणायची गरज मला दिसत नाही. तुमच्या आसपासच्या वारली पाड्यांवरच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोणत्या खडकाखाली खेकडा असेल, मरळ कुठे दडते, सावली पाण्यावर पडली की मासा का पळतो, हे ठाऊक असतं. त्याला शिबिराचा विद्यार्थी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवा. त्याच्या आजोबांना बोलवा आणि त्यांना इतर प्रशिक्षकांइतकंच मानधन द्या. चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मांगेला किंवा कोळी कुटुंबातलं कोणी एक सकाळ पाग फेकून दाखवायला आलं, तर मुलं ते जन्मभर विसरणार नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची मासेमारीच्या जाळ्याची वारली चित्रं मिळाली तर तीही दाखवा. हजारो बारीक रेषांनी विणलेलं ते जाळं पाहिल्यावर मुलांना कळेल की हे ज्ञान इथलंच आहे.

तुमच्याच तालुक्यात याचा धडा घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा. खडे, पानं, शेंगा, झाडाची सावली, हेच तिथलं साहित्य. परदेशी शिबिराची नक्कल करण्याआधी एक सकाळ काढून कोसबाडला जाऊन या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

प्रश्न : कुठल्या पाण्यावर न्यावं? आणि पकडलेला मासा सोडून द्यायचा की खायचा?

उत्तर : आधी कुठे न्यायचं नाही ते सांगतो. पाणी साठलेल्या दगडखाणी पूर्ण वर्ज्य. त्यांना उतार नसतो, पहिल्याच पावलाला खोल पाणी लागतं. सूर्या प्रकल्पाचे कालवेही नकोत, कारण त्यांच्या गुळगुळीत कडांवरून घसरलेल्या मुलाला वर चढता येत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या बाजूचे नाले आणि खाड्याही टाळा. तिथल्या सांडपाण्याने मासेमारी बुडते म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. त्या पाण्यातला मासा मुलांच्या ताटात नको.

उथळ काठाचं गावतळं किंवा शेततळं सर्वांत बरं. मालकाची परवानगी घ्या. तलाव वा धरण असेल तर तिथला मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना आधी भेटा. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली ती हौस आहे. पाण्याकाठी चार मुलांमागे एक पोहता येणारा मोठा माणूस ठेवा. मूल पोहणारं असलं तरीही हा नियम मोडू नका.

काठावर पोचल्यावर लगेच काठ्या हातात देऊ नका. वाहतं पाणी असेल तर मुलांना दगड उलटून पाहू द्या. दगडाच्या पोटाशी मेफ्लायची चपटी पिल्लं चिकटलेली दिसली, तर पाणी बरंच स्वच्छ समजावं. गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. दगड पाहून झाल्यावर तो होता तसा पालथा ठेवायचा. ही तपासणी मुलांना पाठ्यपुस्तकातल्या प्रदूषणाच्या धड्यापेक्षा जास्त शिकवते. डबक्यात चतुराची पिल्लं सापडली तर ती पांढऱ्या वाटीत ठेवून नीट पाहू द्या, त्यांचा जबडा बघून मुलं थक्क होतात.

सोडायचं की खायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे. चिलापी लागली तर खा. हा आफ्रिकेतून आलेला मासा आपल्या तळ्यांत बेसुमार वाढून इथल्या माशांची जागा खातो, त्याला परत सोडण्यात काही पुण्य नाही. इथला लहान मासा लागला तर सोडा. सोडताना हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो. शक्यतो मासा पाण्याबाहेर काढूच नका. आणि ऊन चढल्यावर गळ बंद. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, थकलेला मासा सोडला तरी मरतो. पहाटे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, एवढाच वेळ.

पाड्यावरची मुलं ‘पकडला तर सोडायचा का?’ असं विचारतील. त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या घरी मासा हे कालवण असतं. शहरातल्या मुलांनी त्यांना दयेचे पाठ देऊ नयेत. शिबिरातला नियम शिबिरापुरता आहे, हे सर्वांसमोर आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : सायकलींचं काय? आमच्याकडे साध्या सायकली आहेत. डोंगरी सायकल एकेक पंधरा-वीस हजारांची.

उत्तर : साध्याच वापरा. ज्यांनी या खेळाची सुरुवात केली त्यांच्याकडे तरी कुठे खास सायकली होत्या? 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात टामाल्पायस डोंगराच्या परिसरात काही तरुण भंगारातल्या, जाड टायरच्या, जड सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांनी खाली सुटत. 1976 साली त्यांनी पहिली शर्यत लावली. उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई, दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी पुढे खास सायकली बांधल्या, आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत!

तुमच्या सायकलींचे ब्रेक, चेन आणि टायर मात्र गावातल्या सायकलवाल्याकडून नीट करून घ्या. त्यालाच एक सकाळ मुलांना पंक्चर काढायला शिकवायला बोलवा. पंक्चर काढता येणारं मूल सायकलीवर दूर जायला घाबरत नाही. हेल्मेट उसनं आणा, विकत घ्या, काहीही करा, पण ते नसेल त्या मुलाला सायकल नाही. ज्याला अजून चालवता येत नाही त्याची सीट खाली करा, पेडल काढून ठेवा आणि पायांनी ढकलत जाऊ द्या. मागून सीट धरून धावण्यापेक्षा तोल यामुळे लवकर येतो.

मातीवर चालवण्याचे धडे वाडीतच सुरू करा. पहिला खेळ स्लो रेसचा : जो सर्वांत शेवटी पोचेल आणि पाय टेकवणार नाही तो जिंकला. गावच्या क्रीडा महोत्सवातला हा जुना खेळ तोल शिकवायला फार चांगला आहे. मग उतार. दोन्ही पेडल समांतर, ढुंगण सीटवरून किंचित उचललेलं आणि मागे, गुडघे सैल. पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबला की मूल हँडलवरून पुढे जातं, म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू लावायला शिकवा. कोणता हात कोणत्या चाकाचा, हे सायकल उभी असतानाच घोकून घ्या. नजर खड्ड्यावर ठेवली की सायकल खड्ड्यातच जाते, म्हणून जिथून जायचं तिकडे पाहायला सांगा.

चिकूच्या ओळींमधल्या वाटा, मुरमाचे शिवाररस्ते, बांधाकडेच्या पायवाटा पुरे आहेत. बोईसरच्या बाजूचा रस्ता टाळा, तारापूर वसाहतीच्या टँकर-ट्रकांच्या रहदारीत मुलांचं काम नाही. एक सकाळ चिंचणीच्या किनाऱ्यावर टेम्पोत सायकली घालून न्या. ओहोटीला पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू चालवायला मजेची असते. भरतीची वेळ आधी स्थानिकांना विचारा, कारण सपाट किनाऱ्यावर पाणी भराभर आत येतं. परतल्यावर सायकली गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्या, नाहीतर खारं पाणी आठवड्यात गंज चढवतं.

मुलींना वेगळा, सोपा गट करू नका. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर राज्यातल्या कितीतरी मुली रोज शाळेचा रस्ता तुडवतात. त्यातली एखादी तुमच्या शिबिरात असेल तर तिलाच पुढे ठेवा.

प्रश्न : पहिल्या पावसात वलगणीचे मासे पकडायला मुलांना न्यावं का?

उत्तर : पाहायला न्या, पकडायला नको. वलगणीला चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. पाड्यावरच्या कुटुंबाने तो घरच्या जेवणापुरता घेणं निराळं, आणि हौसेच्या शिबिराने पोतं भरणं निराळं. शिवाय त्या दिवसांत ओढा मिनिटामिनिटाला चढतो.

प्रश्न : मे महिन्यात हे सगळं जमेल ना?

उत्तर : निम्मं जमेल. मे महिन्यात आपल्याकडचे ओढे आटतात, तळी खाली जातात, हवा दमट आणि ऊन कडक. त्यामुळे उन्हाळी सुट्टीत सायकल, पंक्चर, माश्या बांधणं आणि सुपात लोकर टाकणं एवढंच घ्या. पाण्यावरचा भाग दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. तेव्हा ओढे वाहते असतात, पाणी निवळलेलं असतं, वाटा वाळलेल्या असतात आणि सकाळी गारवा असतो. वर्षातून दोनदा तीच मुलं भेटतील, हा आणखी फायदा. म्हणून मेच्या शिबिराची तारीख ठरवाल तेव्हाच दिवाळीचीही ठरवा, आणि पाड्यावरच्या गुरुजींना दोन्हींचं आमंत्रण आत्ताच देऊन या.