मेसेजचा दर पंधरा पैसे, मग बिल दुप्पट का?

दवाखाना, क्लास, पतसंस्था, ऑनलाइन दुकान. यातलं काहीही चालवत असाल, तर एसएमएस, व्हॉट्सॲप आणि क्लाउड फोन या सेवांचं बिल तुमच्या टेबलावर येतच असेल. विक्रेता दर सांगतो तो एका मेसेजचा किंवा एका मिनिटाचा. बिल मात्र वेगळ्याच मोजणीने येतं. करार करण्याआधी काय विचारायचं आणि सेवा सुरू झाल्यावर दर महिन्याला काय तपासायचं, ते पाहू.

नोंदणी आणि कागदपत्रं

व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे पाठवणाऱ्याची दूरसंचार कंपनीकडची नोंद, लागतेच. जिओ, एअरटेल, व्ही, बीएसएनएल यांपैकी कोणत्याही एकाच्या पोर्टलवर ती करा. बाकीच्यांकडे पुन्हा करावी लागत नाही. कागद साधारण हे: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र किंवा व्यवसायाचा दुसरा पुरावा, लेटरहेडवरचं अधिकारपत्र, सही करणाऱ्याचं ओळखपत्र. शुल्क बहुतेक ठिकाणी ५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. त्यानंतर सहा अक्षरांचा हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, मंजूर करून घ्यायचा, मग मजकुराचा टेम्प्लेट. सगळं मिळून एक ते दोन आठवडे हाताशी ठेवा. दिवाळीच्या ऑफरचे मेसेज पाठवायचे असतील तर अर्ज गणपतीतच करा.

विक्रेते वरून सेवाशुल्क घेऊन ही नोंदणी करून देतात. वेळ नसेल तर काम त्यांना जरूर द्या. फक्त लॉगिनला ईमेल आणि मोबाइल तुमचाच लावा. ते विक्रेत्याचे असले, की पुढे दुसरीकडे जायचं ठरवल्यावर तुमचा स्वतःचा हेडर सोडवून घेण्यासाठी त्याच्या मागे फिरावं लागतं.

मेसेजमध्ये लिंक असेल तर तीही आधी पोर्टलवर नोंदवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंकचे मेसेज अडवले जातात. मंजूर टेम्प्लेटमधला एखादा शब्द बदलला तरी मेसेज जात नाही. असे अडलेले मेसेज बिलात धरता का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

मराठी मेसेज महाग का पडतो

छुपा खर्च सर्वात जास्त इथे आहे, आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत फक्त ७०. त्याहून मजकूर लांबला की त्याचे भाग पडतात आणि जोडणीची माहितीही आत जावी लागते, म्हणून इंग्रजीत प्रत्येक भागात १५३ आणि देवनागरीत ६७ उरतात. प्रत्येक भागाचे पैसे वेगळे.

त्यात देवनागरीची मोजणी डोळ्यांना दिसते तशी होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘नमस्कार’ हा शब्द सात खुणांचा धरला जातो. शंभर खुणांचा मराठी मेसेज दहा हजार ग्राहकांना पाठवलात, तर बिल वीस हजार मेसेजचं येईल. दर १५ पैसे असेल तर १,५०० च्या जागी ३,००० रुपये, वर जीएसटी.

इंग्रजी मेसेजमध्येही हा फटका बसतो. रुपयाचं चिन्ह टाकलं, किंवा वर्डमधून उचललेलं वळणदार अवतरणचिन्ह आत राहिलं, की संपूर्ण मेसेज ७० च्या मर्यादेत जातो. रुपयासाठी रोमन अक्षरांतलं ‘आरएस’ वापरा.

यावर उपाय म्हणून मराठी सोडू नका. तुमच्या ग्राहकाला ती वाचता येते, हेच मोठं काम आहे. मजकूर आखडा. ‘आपली तपासणी उद्या सकाळी १० वाजता. येताना जुने रिपोर्ट आणा.’ या दोन वाक्यांत ५८ खुणा होतात. उरलेल्या बारांत दवाखान्याचं छोटं नाव बसतं. टेम्प्लेट मंजुरीला टाकण्याआधी मोजा.

व्हॉट्सॲप

१ जुलै २०२५ पासून मेटा संवादाऐवजी प्रत्येक टेम्प्लेट मेसेजचे पैसे लावते. जाहिरातीचा मेसेज महाग, ऑर्डर किंवा भेटीची सूचना त्याच्या कितीतरी पट स्वस्त. ग्राहकाने आधी मेसेज केला असेल, तर पुढच्या चोवीस तासांत दिलेलं साधं उत्तर फुकट, आणि त्या वेळेत पाठवलेली सूचनाही फुकट. त्यामुळे ‘भेट पक्की झाली’च्या सूचनेखाली ‘पॅकेजवर सवलत’ अशी ओळ जोडू नका. मेटा तो टेम्प्लेट जाहिरातीत टाकते आणि सगळ्या सूचना महाग होऊन बसतात.

मेटाचं भारतासाठीचं दरपत्रक जाहीर आहे. ते विक्रेत्याच्या बिलाशेजारी ठेवा. फरक म्हणजे विक्रेत्याचा नफा. तो असायला हरकत नाही, पण मासिक प्लॅटफॉर्म शुल्क आणि प्रत्येक मेसेजमागे नफा, दोन्ही घेतले जात असतील तर घासाघीस करा. व्हॉट्सॲप खातं मेटावर तुमच्या व्यवसायाच्या नावे उघडा.

क्लाउड फोन

चार प्रश्न विचारा. पल्स, म्हणजे बिलाच्या मोजणीचा टप्पा, किती सेकंदांचा? कॉलच्या दोन्ही बाजूंचे पैसे लागतात का? रेकॉर्डिंग किती दिवस फुकट ठेवता? शिल्लक रकमेची मुदत किती? साठ सेकंदांचा पल्स असेल तर ६५ सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा होतो; दोन्ही बाजू धरल्या तर चार मिनिटांचा. १८०० चा टोल-फ्री नंबर घेतलात, तर येणाऱ्या प्रत्येक कॉलचे पैसे तुम्ही भरता.

जाहिरातीचे कॉल साध्या सिमवरून करू नका. त्यासाठी १४० ची मालिका आहे. नोंदणी नसताना असे कॉल केलेत, तर ट्रायच्या ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार तुमच्या सगळ्या लाइन तोडून दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं.

आवाज तुटत असेल तर लगेच मोठा इंटरनेट प्लॅन घेऊ नका. एका कॉलला प्रत्येक दिशेने ९० केबीपीएसच्या आसपास लागतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आत. दोष बहुधा विलंबात असतो. एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, त्या विलंबातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि डेटाची गळती एक टक्क्याखाली हवी. विक्रेत्याकडून हा अहवाल मागा, तोही गर्दीच्या तासाचा.

काय तपासायचं

‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ हे दोन आकडे वेगळे आहेत. जिओ, एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल अशा चारही नेटवर्कच्या फोनवर स्वतः ओटीपी मागवून पाहा. अर्धा मिनिट लागत असेल तर तक्रार नोंदवा. तोवर ग्राहकाने दुसऱ्यांदा बटण दाबलेलं असतं आणि दोन्ही मेसेजचे पैसे तुमचेच.

तिसरा आकडा आणखी महत्त्वाचा: किती ओटीपी पाठवले आणि किती जणांनी ते भरले. पाठवण्याची संख्या चढली आणि लॉगिन तेवढेच राहिले, तर कुणीतरी तुमच्या फॉर्ममधून यंत्राने ओटीपी मागवतंय. त्यातही परदेशी नंबर असतील तर दर कित्येक पटींचा. एकाच रात्रीत शिल्लक संपू शकते. म्हणून आजच हे करून घ्या: गरज नसलेले देश बंद, एका नंबरला तासाला मोजकेच ओटीपी, फॉर्मवर कॅप्चा, ऑटो-रिचार्ज बंद. एपीआय की मोबाइल ॲपच्या कोडमध्ये ठेवू नका. नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

खर्चाचा इशारा आणि खर्चाची मर्यादा यांत गल्लत करू नका. इशाऱ्याचा ईमेल येतो, मेसेज जातच राहतात. मर्यादा लावली तरच ते थांबतात. ॲमेझॉनच्या एसएमएस सेवेत सुरुवातीची मर्यादा महिन्याला अवघा एक डॉलर असते; वाढवून घेताना गरजेपुरतीच वाढवा. तिथे डीएलटीचे क्रमांक भरले नाहीत, तर भारतातले मेसेजही आंतरराष्ट्रीय मार्गाने जातात आणि त्याचा दर वेगळा लागतो.

डेटा चोरीला गेला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावं लागतं, आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात. तुमचा विक्रेता ते ठेवतो का, हे करारात लिहून घ्या. पैसे लुबाडले गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

वार्षिक पॅकेजची सवलत कितीही मोठी दाखवली, तरी पहिले तीन महिने प्रीपेडवरच काढा. तीन बिलं, मेसेजच्या भागांची संख्या आणि न पोहोचलेल्यांचा आकडा हातात आल्याशिवाय वर्षाच्या करारावर सही करू नका.