इंजिनाच्या तेलमार्गांतील हवा व ती काढण्याची रीत

यवतमाळ जिल्ह्यांतील ओलीत विहिरी, कालवे, नाले आणि पूस, अरुणावती, बेंबळा, पैनगंगा इत्यादि नद्यांच्या पाण्यावर चालतें. विहिरीवर विजेची मोटर असली तरी कृषिपंपास थ्री-फेज वीज ठराविक पाळीनेंच मिळते. आणि जेथें तारच पोंचलेली नाहीं, तेथें डिझेलचें इंजिन किंवा डिझेलवर चालणारें फिरतें जनित्र यावांचून गत्यंतर नसतें. अशा वेळीं हें यंत्र हटून बसलें, तर नुकसान केवळ एका दिवसाचें होत नाहीं. गव्हास पेरणीपासून अठरा ते एकवीस दिवसांनीं, मुकुटमुळें फुटतांना, पाणी मिळालें नाहीं तर फुटवे कमी येतात. हरभऱ्यास घाटे भरतेवेळीं ताण बसला तर दाणा बारीक राहतो. ही हानि पुढें कितीहि पाणी दिलें तरी भरून येत नाहीं.

इंजिन सुरू न होण्याचीं कारणें अनेक असलीं, तरी डिझेल संपून बंद पडलेलें, गाळणी बदललेलें किंवा कित्येक महिने पडून राहिलेलें इंजिन सुरू होत नसेल, तर तेलमार्गांत हवा शिरली असावी असा संशय प्रथम घ्यावा. याला आपण बोलण्यांत ‘इंजिनानें एअर घेतली’ असें म्हणतों. ही कांहीं मोडतोड नव्हे. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली, तेव्हांपासून पाहतां शेतावरील साध्या इंजिनांतील तेलमार्गाची मूळ योजना फारशी बदललेली नाहीं. ती एकदां समजली म्हणजे दोन पाने व एक स्वच्छ फडकें एवढ्यावर कास्तकारास हा दोष स्वतः दूर करितां येतो.

हवेनें इंजिन कां अडतें?

डिझेल टांकींतून गाळणींत, गाळणींतून तेलपंपांत आणि तेथून जाड पोलादी नळीनें नोझलांत जातें. नोझल उघडण्यास दर चौरस सेंटीमीटरास सुमारें २०० किलोग्रॅम इतका दाब लागतो. डिझेल दाबलें असतां जवळजवळ आकसत नाहीं. म्हणून पंपाच्या दट्ट्याची लहानशी ढकल नोझलापर्यंत जशीच्या तशी पोंचते. हवा मात्र दाबली कीं आकसते व सोडली कीं फुगते. पंपांत किंवा पोलादी नळींत हवा असली, तर दट्ट्याची सारी ढकल ती हवा आकसण्यांतच खर्च होते, आणि नोझल उघडत नाहीं. मग हँडल कितीहि फिरवा, इंजिन पेटणार नाहीं.

हवा कोठून शिरते?

टांकी रिकामी होणें हें पहिलें कारण. दुसरें म्हणजे ढिले नट, चेपलेले तांब्याचे वॉशर व तडकलेली रबरी नळी. आपल्याकडे इंजिन बैलगाडींत किंवा ट्रॉलींत घालून दगडगोट्यांच्या वाटेनें एका वावरांतून दुसऱ्या वावरांत नेतात. त्या हिसक्यांनीं नट सैल होतात, हें ध्यानांत ठेवावें. येथें एक भेद समजून घेणें जरूर आहे. टांकी पंपाच्या वर असेल, तर ढिल्या जोडांतून डिझेल बाहेर ठिबकतें व दोष डोळ्यांस दिसतो. परंतु टांकी खालीं असून डिझेल वर ओढून घ्यावें लागत असेल, तर त्याच जोडांतून हवा आंत ओढली जाते आणि बाहेर एक थेंबहि दिसत नाहीं. अशा जनित्राचा जोड कोरडा दिसला म्हणून तो निर्दोष समजूं नये.

हवा काढण्याचा क्रम

नियम एकच: टांकीकडून आरंभ करावा व नोझलाकडे शेवट करावा. मागें हवा असतां पुढचा जोड सोडणें म्हणजे व्यर्थ श्रम होय.

१. टांकींत पुरेसें डिझेल घालावें व तोटी पूर्ण उघडावी. टांकीच्या झांकणास बारीक भोंक असतें, तें धुळीनें बुजलें नाहीं ना, हें पाहावें.

२. वर टांकी असलेल्या इंजिनांत गाळणीकडे येणारी नळी सोडून पाहावी. धार अखंड पडली पाहिजे. नुसते थेंब पडले, तर टांकीच्या तळाशीं गाळ बसला आहे असें समजून टांकी धुवावी.

३. नळी बसवून गाळणीवरील हवा सोडण्याचा स्क्रू दोन फेरे ढिला करावा. प्रथम फेंस येईल, मग बुडबुडे, मग निर्मळ डिझेल. निर्मळ डिझेल वाहत असतांनाच स्क्रू आवळावा. धार थांबल्यावर आवळल्यास हवा पुन्हां आंत जाते. खालीं टांकी असलेल्या यंत्रास हातानें चालविण्याचा लहान पंप असतो, तो या वेळीं चालवावा.

४. तेलपंपावरील स्क्रूचें काम याच रीतीनें करावें.

५. शेवटीं पोलादी नळीचा नोझलाकडील नट एक फेरा ढिला करावा. इंजिन बंद करण्याचा लिव्हर ‘चालू’ बाजूस आहे याची खात्री करावी. तो ‘बंद’ बाजूस राहिल्यास पंप डिझेल देतच नाहीं. दाब सोडण्याचा लिव्हर उचलून हँडल फिरवावें. नटाशीं डिझेल ठोक्याठोक्यानें उसळूं लागलें म्हणजे नट आवळावा. पुन्हां हँडल फिरवितांना नोझलाचा ‘चर्र’ असा आवाज आला, कीं तेलमार्ग भरला असें जाणून इंजिन सुरू करावें.

लक्षणांवरून दोष ओळखणें

गाळणीवर बुडबुडे थांबतच नसतील, तर दोष गाळणीच्या मागें, म्हणजे टांकीकडील एखाद्या जोडांत आहे. पंपाच्या स्क्रूशीं डिझेल निर्मळ, पण नोझलाच्या नटाशीं कांहींच येत नसेल, तर पंपांत दोष आहे. तेथें मिस्त्रीस बोलवावें. इंजिन सुरू होऊन कांहीं मिनिटांनीं हळूहळू मरत असेल, तर झांकणाचें भोंक किंवा गाळणी तुंबली असावी. झांकण उघडल्यावर तें पुन्हां नीट चालूं लागलें, तर भोंकाचाच दोष निश्चित झाला. हँडल फिरवितांना धुराड्यांतून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आंत पोंचत आहे. मग हवा काढीत न बसतां इंजिनाचा दाब व नोझल यांकडे लक्ष द्यावें. धूर मुळींच नसेल, तर डिझेल पोंचत नाहीं असें बहुधा समजावें.

पेट्रोलवरील लहान जनित्राची गोष्ट निराळी आहे. त्यांत वरील प्रकारचा दाबाचा पंप नसतो. तें बहुधा कार्बुरेटरांत जुनें पेट्रोल चिकट होऊन बारीक भोंकें बुजल्यामुळें अडतें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें व तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. म्हणून जनित्र कित्येक आठवडे ठेवावयाचें असल्यास तोटी बंद करून कार्बुरेटरांतील पेट्रोल काढून टाकावें.

दोन धोके

नोझल बाहेर काढून तपासतांना त्याच्या फवाऱ्यापुढें हात किंवा तोंड कधींहि आणूं नये. तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालयांत जावें, नाहींतर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. दुसरें, पाणी खोल गेलें म्हणून इंजिन विहिरींत उतरवून किंवा बंद खोलींत ठेवून चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो व माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध पडतो. खालीं पडलेल्यास काढण्यास उतरलेला दुसराहि त्याच गतीस जातो.

आधींच घ्यावयाची काळजी

टांकी पाव भागापेक्षां खालीं जाऊं देऊं नये. डिझेल बारीक जाळीच्या चाडींतून गाळून ओतावें. गाळणीच्या तळाशीं सांठलेलें पाणी, विशेषतः पावसाळ्यानंतर, काढून टाकावें. वॉशर चेपला असेल तर नवा घालावा. साबण किंवा दोरा लावून वेळ भागवूं नये. इंजिन जागेवरून हलविलें, कीं सुरू करण्यापूर्वीं प्रत्येक नटावर एकदां पाना फिरवून पाहावा. आणि ही रीत घरांतील मुलांस व सालदारासहि रबीच्या आधीं, काम मोकळें असतांना, एकदां प्रत्यक्ष करून दाखवावी. कारण ऐन ओलिताच्या रात्रीं इंजिनाजवळ घरधनीच असेल असें नाहीं.